परसातला वळेसर

सुरंगीच्या कळ्याला उन्हाची तिरीप लागली की तो फुटतो, आणि फुटला की वळेसराच्या, म्हणजे कळ्यांच्या गजऱ्याच्या, कामाचा राहत नाही. म्हणून वेंगुर्ले तालुक्यात आसोली, आरवली, शिरोडा या भागात फाल्गुन-चैत्रात माणसं काळोखातच झाडाखाली पोचतात. कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या कमरेला कापडी पिशवी, झाडाला टेकवलेली बांबूची शिडी. सुरंगी हे मोठं, गर्द पानांचं झाड. पण तिचे कळे फांदीच्या शेंड्याला येत नाहीत. जुनी पानं जिथून गळून पडलेली असतात तिथे, जून फांदीच्या अंगालाच ते झुबक्यांनी चिकटून येतात. त्यामुळे खाली उभं राहून काठीने काही साधत नाही, झाडाच्या पोटात शिरावं लागतं. आज फुटणारा कळा टपोरा, पांढरट झालेला असतो. उद्याचा अजून हिरवा आणि घट्ट. झुबक्यातला आजचा तेवढा खुडायचा आणि उद्याच्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे काम बोटांच्या अंदाजावर चालतं, कारण त्या वेळी नीटसं दिसत नसतंच.

“उन्हाची तिरीप लागली काय कळो फुटता. फुटलेलो वळेसाराक घालूचो नाय,” एका काकींनी शिडीवरूनच सांगितलं. बोलताना त्यांचा हात थांबला नव्हता. दिवस वर आला तशा मधमाश्या आल्या आणि सगळं झाड घुमायला लागलं. तोवर पिशव्या भरून माणसं खाली उतरली होती.

फुटलेली सुरंगी वाया जात नाही. ती उन्हात सुकवतात, व्यापारी वजनावर घेतात आणि पुढे ती अत्तरांसाठी, रंगासाठी जाते. सुरंगीची मोठी उलाढाल या सुक्या मालाचीच. पण ताज्या कळ्यांचा वळेसर हा त्या झाडाचा खरा मान आहे असं मला वाटतं. तो सावंतवाडीच्या, वेंगुर्ल्याच्या बाजारात सकाळी टोपलीत दिसतो आणि दुपारपर्यंत संपतो. पुण्या-मुंबईच्या फुलबाजारात त्याची गाठ क्वचितच पडते. सुरंगी लावल्यावर फुलायला पुष्कळ वर्षं घेते, त्यामुळे आज जी झाडं कळे देतात ती बहुतेक आज्या-पणज्यांनी लावलेली किंवा आपसूक उगवून राखलेली आहेत. घर वाढवताना किंवा जमीन विकताना झाड पडलं, तर एका पिढीत ते भरून निघत नाही.

सुरंगीपासून सुरुवात केली, कारण परसातल्या फुलांचा गजरा, वेणी, वळेसर, गोव्यातली फाती, या साऱ्याचं मर्म तिच्यात उघडं दिसतं. हे वेळेचं काम आहे. फूल कधी खुडायचं, कशात गुंडाळायचं, कधी बांधायचं आणि कधी माळायचं, हे फुलानेच ठरवलेलं असतं.

आज गजरा म्हटलं की डोळ्यांपुढे मोगराच येतो. तसं होण्याला कारण आहे. मोगऱ्याची कळी सकाळी खुडली तर संध्याकाळी फुलते. मधले सगळे तास वाहतुकीला मिळतात. बर्फ घातलेल्या खोक्यांतून ती गावंच्या गावं ओलांडते. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पालघर जिल्ह्यात जव्हार-विक्रमगडकडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याच्या बागा लावल्या आणि त्यांच्या कळ्या दादरच्या फुलबाजारात येऊ लागल्या. उन्हाळ्यात स्थलांतर करावं लागणाऱ्या घरांना या झाडाने गावात काम दिलं. त्या मोगऱ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण बाजाराने वर्षभर मोगरा दिला, त्याबरोबर बाकीचे महिने आपल्या डोक्यावरून उतरले. कोकणातल्या एखाद्या जुन्या घराच्या परसात उभं राहून पाहिलं तर हे नीट कळतं. विहिरीपाशी, जिथे न्हाणीचं पाणी जातं तिथे सोनटक्का. मागच्या दारी जाई नाहीतर जुईचा मांडव. तुळशीच्या आसपास अबोलीचे ताटवे, कारण ते रोज तोडायचे. कुंपणाशी अनंत. गडग्याच्या कोपऱ्यात बकुळ, आणि जरा लांब सोनचाफा. ही मांडणी नुसत्या शोभेची नाही. होळीच्या आगेमागे सुरंगी, चैत्र-वैशाखात मोगरा, पावसाच्या तोंडाशी सोनचाफा, श्रावणात जाई, जुई, सायली आणि सोनटक्का, दिवाळीच्या सुमारास शेवंती उमलायला लागते आणि मार्गशीर्षात तिला जोर येतो, थंडीत कुंदा. आणि या सगळ्यांच्या जोडीला, पाणी मिळालं तर जवळजवळ बारा महिने, अबोली. ज्या बाईने हे परस लावलं तिने घरातल्या लेकीसुनांच्या डोक्यांचं वर्ष लावून ठेवलं होतं. श्रावणातल्या मंगळागौरीला मोगरा हवा असं त्या घरात कुणाच्या मनात येत नसे. तेव्हा जाई असते, तर जाईच माळायची.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ, पन्हं आणि ओल्या हरभऱ्याच्या ओटीबरोबर मोगऱ्याचा गजरा हातात पडतो, तोही याच हिशेबाने. तो मोगऱ्याचाच महिना. मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीच्या घटाला शेवंतीची वेणी चढते आणि मुंबईत त्या दिवशी वेणीचा भाव दुप्पट-तिप्पट होतो. सणाच्या मागे फूल धावत नाही. तो सण त्या फुलाच्या दिवसांत आलेला असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ, कारण ते हातात असल्याशिवाय बाकीचं सगळं पोकळ आहे.

दोऱ्यापासून सुरुवात. केळीचा घड उतरवला की खांब तोडून टाकतात. त्याच्या बाहेरची सुकून तपकिरी झालेली सोपटं काढून ओटीवरच्या खुंटीला बांधून ठेवायची. वेणी करायच्या आधी एक सोपट पाण्यात घालायचं. घटकाभरात ते मऊ पडतं. मग नखाने त्याचा उभा पदर काढत जायचं. चांगल्या हाताला सलग, हातभर लांब, जाड सुताएवढा सोप निघतो. हा सोप ओला असतो, रुंदट असतो, त्यामुळे गाठ आवळली तरी फुलाचा देठ कापला जात नाही. सुती दोरा बारीक आणि कोरडा. जोर जास्त झाला की जुईचा देठ तुटतोच. नायलॉनचा तर विचारच नको. शिवाय सोपाचा ओलावा फुलांना मिळत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी वेणी झाडाच्या मुळाशी टाकली की सोपासकट तिचं खत होतं. परसातून आलेलं परसातच जातं.

फुलं गुंतवायच्या रीती मुख्य तीन. एक ओवण्याची: सुई देठातून किंवा फुलाच्या मधून जाते. मोगऱ्याचे, सुरंगीचे सर असे होतात. दुसरी बांधण्याची, तिला सुई लागत नाही. तिसरी गुंफण्याची, म्हणजे केसांची घालतात तशी तीन पदरी वेणी घालत फुलं अडकवत जाण्याची. शहरात पहिलीच रीत उरली आहे, कारण ती झटपट होते. पण सुईने फुलाला भोक पडतं आणि भोकापाशी ते आधी काळवंडतं. फार नाजूक फुलाला बांधणंच योग्य.

अबोलीची वेणी बांधताना पाहावी. अबोलीच्या कणसाला खालून वर रोज थोडीथोडी फुलं उमलतात. फूल चिमटीत धरून हलकेच ओढलं की नळीसकट सुटून येतं, कणीस झाडावर राहतं, उद्याची फुलं त्यातूनच येणार असतात. नळी बारीक, लांब, आणि पाकळ्या साऱ्या एका अंगाला पसरलेल्या. या एकांगी पाकळ्यांमुळेच अबोली वेणीला अशी बसते. पाकळ्यांची बाजू वर घेतली की फुलं एकमेकांवर चढतात आणि मधला सोप कुठेही दिसत नाही. बांधणारी जमिनीवर बसते, सोपाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवते आणि ताण देते. डाव्या हाताच्या चिमटीत दोन फुलं एका दिशेला, दोन उलट दिशेला, नळ्या मधोमध एकमेकींवर. उजव्या हाताने सोपाचा एक वेढा नळ्यांवरून घ्यायचा, मग बोटावर फास घालून तो नळ्यांच्या खालून सरकवायचा आणि ओढायचा. गाठ बसते. पुढची चार फुलं या गाठीला इतकी लागून की आधीच्या पाकळ्यांनी नव्या नळ्या झाकल्या पाहिजेत. सारं कौशल्य त्या ओढण्यात आहे. सैल राहिली तर फुलं केसांत गळतात, जास्त झाली तर नळी चिरडते आणि तासाभरात फूल मान टाकतं. किती जोर लावायचा हे कुणालाच सांगता येत नाही. शिकवणारी बाई शिकणारीच्या बोटांवर आपली बोटं ठेवून ओढून दाखवते, दुसरा मार्ग नाही.

दर वीतभराने एखादी मरव्याची काडी किंवा दवण्याचा तुरा घालतात. अबोलीला वास नाही, तो मरव्याकडून घ्यायचा. जुईला रंग नाही, तिच्यात मधे मधे अबोली घालायची. शेवंतीचा देठ आखूड आणि फूल जड, म्हणून ती शेवटाला किंवा मधोमध एकटी. घरच्या वेणीत ही अशी देवाणघेवाण चालते, कारण परसात एका जातीची ओंजळभर फुलं रोज निघतीलच असं नसतं. आज अबोली थोडी, कुंदा जास्त, उद्या उलट. बाजारच्या गजऱ्याची एकसारखी पांढरी रेघ घरी जमत नाही आणि जमायलाही नको. दोन दिवसांच्या दोन वेण्या सारख्या दिसत नाहीत, यातच तिची शोभा आहे.

तयार वेणीवर पाणी ओतायचं नसतं, शिंतोडे मारायचे. मग केळीच्या पानात गुंडाळून सावलीला. फ्रीजमध्ये ठेवायची तर ओलसर फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, नाहीतर फ्रीजची कोरडी हवा पाकळ्यांतलं पाणी शोषून घेते. आणि पहिला तुकडा देवाचा. तो बाजूला काढल्याशिवाय कुणी वास घ्यायचा नाही, हा नियम मुलांनाही पाठ असतो. मुलांचा अबोलीशी दुसराही एक व्यवहार असतो. तिची सुकलेली बोंडं पाण्यात टाकली की तडतड फुटतात आणि बी उडतं. शाळेतल्या पाटीवर ओली बोटं फिरवून हा खेळ खेळलेली कोकणातली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे.

गोव्यात गेलं की फुलांचं हे राज्य आणखी ठसठशीत होतं. फोंडा तालुक्यातल्या देवळांच्या दारांत बायका फाती घेऊन बसतात: अबोलीची, जायांची, शेवंतीची. म्हार्दोळची देवी महालसा मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे तिला तिथून हलवावं लागलं. म्हार्दोळच्या जायो सगळ्या गोव्यात नावाजलेल्या. तिथली फुलं पिकवणारी कुटुंबं पावसाळ्यात देवीची जायांची पूजा बांधतात, तेव्हा देऊळ जायांनी भरून जातं. फुलं पिकवणारेच पुजेचे यजमान, हे मला फार मोलाचं वाटतं.

याच भूमीवर फुलांवर बंदीही आली होती. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने हुकूम काढून धर्मांतरित लोकांच्या कितीतरी चालीरीती मना केल्या. लग्नकार्यात विडा, सुपारी, फुलं देण्याघेण्यावरही त्यात गदा आली. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात या सगळ्याची तपशीलवार नोंद केली आहे. बंदी कागदावर राहिली, फुलं परसात राहिली. आज २४ जूनच्या सांजावला गोव्यातले ख्रिस्ती तरुण पानाफुलांची कोपेलं डोक्यावर घालून विहिरींत उड्या टाकतात. कोपेल ही निव्वळ परसातली वस्तू आहे. पावसाच्या पहिल्या महिन्यात कुंपणावर जे वाढलेलं असेल, वेल, नेचे, जास्वंद, रानफुलं, ते वळून डोक्याच्या मापाचं कडं करायचं आणि त्यात फुलं खोवायची. विकतची कोपेलंही आता मिळतात. पण ज्या वाड्यावर घरोघर ती बनतात तिथे आदल्या दिवशी कुंपणं बोडकी झालेली दिसतात, आणि घरातल्या पुरुषांचेही हात त्यात गुंतलेले असतात.

पुरुष आणि फुलं यांचं नातं आपण फार लवकर विसरलो. बैठकीच्या लावणीला बसलेल्या रसिकाच्या मनगटाला मोगऱ्याचा गजरा गुंडाळलेला असे. लग्नमंडपाच्या दारात बायकांना गजरा आणि पुरुषांना गुलाबाचं फूल, वर अत्तराचा फाया आणि गुलाबपाणी, हे स्वागत कालपरवापर्यंत होतं. युरोप-अमेरिकेत समारंभाला बायका मनगटावर किंवा खांद्याशी फुलांचा लहान गुच्छ लावतात आणि पुरुष कोटाच्या काजात एखादं फूल खोवतात. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती लग्नांत ती रीत रुळली. तिथे तारेवर गुलाब आणि नेच्याचं पान बांधून, वर हिरवी फीत गुंडाळून घरच्या घरी हे गुच्छ करणाऱ्या मावश्या-आत्या मिळतात. त्याच लग्नात नवरीच्या आजीच्या अंबाड्यावर मात्र अबोली किंवा सोनचाफाच असतो.

डोहाळजेवणाचं काम याहून मोठं. सातव्या महिन्यात गर्भारशीला हिरवी साडी नेसवतात, झोपाळ्यावर बसवतात आणि फुलांची वाडी भरतात. पूर्ण वेणीवर फुलं टाचून केस झाकून टाकायचे, हा एक भाग. आणि मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, हार, हातातलं धनुष्य, हे सगळे फुलांचे दागिने, हा दुसरा. मोगऱ्याच्या किंवा कुंद्याच्या कळ्या लागतात, उमललेली फुलं चालत नाहीत. समारंभ संध्याकाळी असतो आणि कळ्यांनी तोवर टिकायचं असतं. दागिन्याची रेघ कळीनेच सरळ येते. पुठ्ठ्याचा आकार कापून त्यावर पातळ कापड, त्यावर कळ्यांचे सर टाचून, कडेला हिरव्या पानांची किंवा अबोलीची किनार. पूर्वी हे काम आळीतल्या बायका मिळून करत. सकाळी कळ्या निवडायला बसायचं, दुपारी ओवायचं, चारला टाचून पुरं. पोटात कळ आली की काय करायचं, दाईला कधी बोलवायचं, आईचं दूध येत नसेल तर काय खायचं, असं सगळं बोलणं त्या ओवण्याच्या वेळात होत असे, आणि होणारी आई ते ऐकत बसलेली असे. आता भाड्याने मिळणारे कापडी फुलांचे संच आले आहेत. ते स्वच्छ असतात, दिसतातही बरे. मला त्यांचं वाईट वाटतं ते याचसाठी की त्यांनी ती दुपार संपवली.

आणि आता जी गोष्ट लिहायची म्हणून हा लेख हाती घेतला ती.

कोकणातल्या घरांत सगळ्यात सुरेख वेणी कुणाची होते असं विचारलं तर पुष्कळदा एखाद्या आजीकडे बोट दाखवलं जातं, आणि पुष्कळदा ती आजी विधवा असते. तिला वेळ असतो, तिचा हात बसलेला असतो, पहाटे फुलं खुडायला तीच उठते. नातीला, सुनेला, शेजारणीला, गावच्या देवीला तिच्या हातची वेणी जाते. तिच्या स्वतःच्या केसांत कधीही जात नाही. रूढीने तिच्याकडून कुंकू घेतलं, तसं फूलही. मी अशा एका आजींपाशी बसून अबोली बांधायला शिकत होते, तेव्हा त्यांच्या लहान नातीने सहज विचारलं, “आजी, तू गो कित्याक नाय घालत?” आजींनी हातातली गाठ पुरी केली आणि म्हणाल्या, “माझ्या हाताक वास येता ना, तेवढो पुरे.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र ती तक्रार करावीशी वाटते, आणि इथे करते आहे. ज्या बाईने ही कला आपल्या बोटांत सांभाळली तिलाच तिच्यापासून दूर ठेवणारी रीत आपण परंपरा म्हणून जपू नये.

बदल झाला आहे. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, तिला कार्यातून वगळणं गावात होऊ द्यायचं नाही, असं त्यात ठरलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुसरावं असं परिपत्रक काढलं, आणि ठिकठिकाणी विधवांसाठी हळदीकुंकू होऊ लागलं. ठरावाने मन लगेच बदलत नाही, पण कुणीतरी पहिलं फूल माळायला आधार मिळतो. माझ्या ओळखीच्या एका बाई, निवृत्त शिक्षिका, नवरा गेल्यानंतर सोनचाफा माळून गावच्या वाचनालयाच्या कार्यक्रमाला आल्या. दोघीतिघी कुजबुजल्या. पुढच्या कार्यक्रमाला त्याच दोघीतिघींपैकी एक, तीही विधवा, सोनचाफा घालून आली. झाड शिक्षिकाबाईंच्याच अंगणातलं होतं.

फुलं बांधण्याच्या कौशल्याला पैशाचं मोल मिळू शकतं, याचं चांगलं उदाहरण आपल्या किनारपट्टीवरच खाली उडुपीजवळ आहे. शंकरपुऱ्याची मल्लिगे घराभोवतीच्या लहान लहान तुकड्यांत लावली जाते. घरची माणसं सकाळी कळ्या खुडतात आणि घरीच केळीच्या सोपाने बांधून बाजारात देतात. तिथे फुलं तोलून विकत नाहीत, बांधलेली मोजतात. आठशे फुलांचा एक चेंडू आणि चार चेंडूंची एक अट्टी. अट्टीचा भाव रोजच्या रोज ठरतो. सुट्या कळ्यांऐवजी बांधलेलं फूल हेच मापाचं एकक असल्यामुळे बांधणाऱ्या हाताची किंमत भावात धरलेली असते. या फुलालाही उडुपी मल्लिगे म्हणून भौगोलिक मानांकन आहे. वेंगुर्ल्याच्या सुरंगीला आणि घरोघरच्या अबोलीला अशी पद्धत का लाभू नये? आज आमच्या बाजारात वेणी विकणारी बाई रस्त्याच्या कडेला, उन्हात, टोपलीवर ओलं फडकं टाकून बसते आणि उरलेला माल संध्याकाळी पडेल त्या भावाने देते. बाजारपेठेत सावलीची, पाण्याची एक जागा वेणीवाल्यांसाठी राखणं कुठल्याही नगरपंचायतीला जड नाही.

परस नसलेल्यांचं काय, असा प्रश्न येणारच. मुंबईच्या चाळींनी त्याला पूर्वीच उत्तर दिलं होतं: गॅलरीच्या कठड्यावर तेलाच्या डब्यात मोगरा. आजही फूटभर तोंडाच्या कुंडीत, पाचसहा तास ऊन मिळेल अशा खिडकीत मोगरा उत्तम येतो. थंडी सरत आली की पाणी तोडायचं, जून फांद्या छाटायच्या, मग माती उकरून शेणखत घालून पाणी सुरू करायचं. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे ज्याने छाटायला हात आखडला त्याला नुसती पानं मिळतात. दोनतीन कुंड्या आणि शेजारी एक अबोलीची, एवढ्यावर वैशाखात एक दिवसाआड वीतभर गजरा निघतो. अबोलीला तर थोडी सावलीही चालते.

कुंडीत स्वतः फूल पिकवण्याचं मोल परदेशी गेलेल्यांना लवकर समजतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मेलबर्नच्या विमानतळावर ओणमच्या कार्यक्रमाला निघालेल्या एका मल्याळी अभिनेत्रीला सोबत गजरा नेल्याबद्दल १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. फुलापानांतून कीड आणि रोग शिरू नयेत म्हणून ते आहेत, आणि ते बरोबर आहेत. तिथे गजरा हवा तर तो तिथेच पिकवावा लागतो. म्हणून परदेशातल्या मराठी घरांत खिडकीशी मोगऱ्याची कुंडी दिसते. हिवाळ्यात तिला आत घेतात आणि गणपतीला कळ्या याव्यात म्हणून महिनाभर आधीपासून जपतात. ज्यांनी मायदेशी असताना कधी सुईत दोरा ओवला नव्हता, अशा मुली तिथे व्हिडिओ कॉलवर आईकडून गाठ मारायला शिकतात.

आणि ज्याच्याकडे खिडकीही नाही, त्याच्यासाठी बकुळ आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांच्या कडेला आणि बागांत बकुळ मुबलक आहे, कारण ती सदाहरित, सावलीची आणि फार पसारा न करणारी. तिचं फूल रात्री गळतं. गळताना पाकळ्यांचं चक्र अख्खं सुटतं आणि मधला स्त्रीकेसर देठाला झाडावरच राहतो, म्हणून पडलेल्या फुलाच्या मध्यभागी आयतं भोक असतं. त्यात सुईशिवाय दोरा जातो. पाच वर्षांच्या मुलालाही बकुळीचा सर करता येतो, आणि तो सुकला तरी महिनोन्महिने वास देतो. आमच्या आज्या लुगड्यांच्या घडीत तो ठेवत. अडचण एकच आहे. सफाईचा झाडू बहुतेक रस्त्यांवर उजाडता उजाडता फिरतो आणि फुलं कचऱ्याच्या ढिगात जातात. आमच्या गल्लीतल्या सफाई कामगार ताईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “झाडाखालचं मी शेवटी झाडते, तुम्ही सहाच्या आत या.” आता गल्लीतली पाचसात मुलं शनिवारी-रविवारी सहाच्या आत खाली असतात, आणि पहिला सर ताईंचा ठरलेला आहे.